पीआर कार्ड

पहाटे 4.40

आज पाण्याचा दिवस. संभाजीनगरात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते: जायकवाडीचं धरण इथून पन्नासेक किलोमीटरवर, आणि नळाला पाणी आठवड्याने, कधी त्याहूनही उशिरा. लाइनमन वॉल्व्ह केव्हा फिरवेल त्याचा नेम नाही, म्हणून एक कान उघडा ठेवूनच झोपायचं. खालची टाकी, वरची टाकी, दोन ड्रम, शेवटी पातेली. सीए म्हणून सत्तावीस वर्षं लोकांना भांडवलाचा हिशेब सांगते आहे; पण पुढचं पाणी कधी येणार ते माहीत नसताना किती साठवायचं, हे या गल्लीतल्या बायका माझ्यापेक्षा अचूक सांगतील. त्यांचेच मुलगे परदेशात दुकान टाकायचे कागद घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा त्यात तीन महिन्यांची सोय असते. तीनच का, तर चौथ्या महिन्यापासून नफा धरलेला असतो.

सकाळी 6.10

न्यू जर्सीहून भाच्याचा फोन. तिकडे आदल्या संध्याकाळचे 7.40. चाट आणि डोशाचं छोटं दुकान त्याने चार महिन्यांपूर्वी बंद केलं, पण दुकान त्याला सोडत नाही. भाडेकरार दहा वर्षांचा, कुलूप तिसऱ्या वर्षी. कंपनी वेगळी आणि आपण वेगळे, या भरवशावर तो होता. कंपनी वेगळीच होती, पण कराराच्या शेवटी पर्सनल गॅरंटीचं एक पान होतं आणि त्यावर नवरा-बायको दोघांच्या सह्या आहेत. दुसरी गॅरंटी कर्जाची. तिथल्या सरकारच्या हमीवर छोट्या धंद्याचं कर्ज घ्यायचं तर 20 टक्के किंवा जास्त वाटा असलेल्या प्रत्येक मालकाला ती द्यावीच लागते.

"मावशी, आईची एफडी मोडायची का? वर्षभरासाठी फक्त."

"आईला विचारलंस?"

"तू विचार ना."

नाही विचारणार म्हटलं. आधी तिथल्या वकिलाला बसवून जागामालकाशी तडजोड कर, एकरकमी आकडा काढ, मग बोलू. फोन ठेवल्यावर चहा कडू लागला. करार करताना तो मला पाठवायचा त्याला सुचलं नाही आणि मागायचं मलाही सुचलं नाही. परक्याचे कागद आपण काळजीने वाचतो, घरचे राहून जातात.

सकाळी 9.50

उस्मानपुऱ्यातलं ऑफिस. डिसेंबरचा शेवट. मार्च आणि जुलै हे आमचे महिने हे सगळ्यांना माहीत असतं, डिसेंबरचं फारसं कुणाला नाही. उशिराची विवरणपत्रं 31 डिसेंबरपर्यंत. आणि ज्यांनी इथे राहून परदेशातल्या कंपनीत थेट गुंतवणूक केली, त्यांचा रिझर्व्ह बँकेकडे जाणारा वार्षिक अहवाल, एपीआर, तोही 31 डिसेंबरपर्यंत. बँकेमार्फत जातो. चुकला तर 7,500 रुपये लेट फी. रक्कम किरकोळ, पण मागचे अहवाल थकलेले असताना बँक पुढचा पैसा पाठवू देत नाही. तिकडच्या दुकानाचं भाडं नेमकं त्याच आठवड्यात असतं.

आर्टिकल करणारी मुलगी विचारते, "मॅम, यांची कंपनी दोन वर्षांपासून बंद आहे म्हणतात. तरी भरायचा?"

शटर ओढलं म्हणजे कंपनी बंद झाली असं नाही, म्हटलं. ती रीतसर गुंडाळली, त्याचा कागद बँकेला दिला, की मग सुटका. तोवर भरायचा.

टेबलाच्या काचेखाली मी एक ओळ लिहून ठेवली आहे, येणाऱ्याला उलटी दिसेल अशी नव्हे, सरळ दिसेल अशी: बंद करायला किती लागतील? उघडायचा खर्च सगळे पाठ करून येतात.

सकाळी 11.15

आजचं मोठं काम. गुलमंडीवरचं साड्यांचं दुकान, तिसरी पिढी. वडील, मुलगा, सून. पैठणी, हिमरू शाली, थोडं ड्रेस मटेरियल. मुलाला दुबईत बर दुबईच्या मीना बाजारात गाळा घ्यायचा आहे. सुनेने पत्रक फार नीट केलंय. आजवर इतकं स्वच्छ पत्रक क्वचित पाहिलं. एकूण 60 लाख. त्यातले 25 लाख बीड बायपासवरचा प्लॉट विकून, 35 लाख गुलमंडीच्या घरावर कर्ज काढून.

मुलगा म्हणतो, "मॅडम, दातारांनी दुबईत एका किराणा दुकानापासूनच सुरुवात केली होती."

हे नाव येणार हे मला ठाऊक असतं. अमरावती जिल्ह्यातले धनंजय दातार 1984 मध्ये वडिलांच्या छोट्या दुकानात काम करायला दुबईला गेले आणि पुढे 'अल अदील'चा एवढा पसारा झाला. सुरुवातीला तोटा आला तेव्हा आईने दागिने विकले, हेही ते स्वतःच मुलाखतींतून सांगत आले आहेत. ही दुसरी गोष्ट सांगितली की समोरचे प्रेरणा घेतात. मी मात्र तिच्यात एवढंच बघते की पैसा दागिन्यांचा होता. दागिने विकले की विषय संपतो. घर गहाण टाकलं की विषय सुरू होतो.

मग आम्ही पत्रकावर बसलो.

पहिला मुद्दा टीसीएस. परदेशात पैसे पाठवायला वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, तिचा प्रश्न यांना येत नाही. पण वर्षात 10 लाखांच्या पुढे पाठवलेल्या रकमेवर बँक 20 टक्के कर आधी कापून घेते. (1 एप्रिल 2025 च्या आधी ही रेषा 7 लाखांवर होती.) मुलाने एकट्याने 60 लाख पाठवले तर 50 लाखांवर 10 लाख. हा खर्च नव्हे. विवरणपत्रात वळता होतो किंवा परत येतो. पण आज गेलेला परतावा पुढच्या पावसाळ्याच्या आसपास येणार. म्हणजे लागणार 70, पत्रकात आहेत 60. थोडे मार्चअखेरपर्यंत आणि थोडे एप्रिलपासून पाठवले तर भार कमी होतो, हे सुनेने माझ्याआधी ओळखलं.

दुसरा मुद्दा प्लॉट. आधी जायचं आणि मग सावकाश चांगल्या भावात विकायचा, असा बेत होता. 2011 चा प्लॉट. इथले रहिवासी असताना विकला तर 12.5 टक्के सरळ, किंवा महागाईचा निर्देशांक लावून 20 टक्के, यातलं जे कमी पडेल ते. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या जमिनीला ही निवड आहे, पण फक्त रहिवाशाला. अनिवासी झालात की ती जाते, शिवाय घेणाऱ्याने तुमचा कर कापून भरायचा. आणि तो सहसा पूर्ण किमतीवर कापतो, नफ्यावर नव्हे. कमी कापायचा दाखला आयकर खात्याकडून आणता येतो. पण बीड बायपासचा गिऱ्हाईक तोवर थांबत नाही. तेव्हा विकायचा तर आधी विका.

तिसऱ्या मुद्द्याला वडील खुर्चीत पुढे सरकले. 35 लाखांचं कर्ज.

"काका, कर्जाचं कारण काय लिहिणार?"

"बँकेतला माणूस म्हणाला, घरदुरुस्ती लिहा. सगळे तेच लिहितात."

अडीच लाख डॉलरच्या या सोयीखाली परदेशात भांडवल म्हणून पैसा पाठवायला बँकेने कर्ज द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा साफ नियम आहे. घरदुरुस्ती लिहून दुबईला पाठवलं तर कर्जाच्या कागदावर खोटं आणि फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचंही उल्लंघन. मी या कागदाला हात लावणार नाही, म्हटलं.

"म्याडम, तुम्ही कामून घाबरवायलात पोरांना?"

"पोरांना नाही काका, तुम्हाला घाबरवतेय. दुकान त्यांचं, घर तुमचं."

ते हसले, पण मुलाकडे न बघता. या शहराला एकमेकांकडे पाहून उडी घ्यायची हौस आहे. 2010 च्या ऑक्टोबरात इथल्या लोकांनी मिळून एकदम 150 मर्सिडीज घेतल्या, त्याची बातमी देशभर झाली. गाडी मात्र दारात उभी राहते आणि पटलं नाही तर विकता येते.

मालाचं गणितही त्यांनी धरलं नव्हतं. भारत-अमिरातीच्या व्यापार करारामुळे, 1 मे 2022 पासून, इथल्या कापडाला तिकडच्या ड्यूटीतून सूट आहे; मूळ देशाचं प्रमाणपत्र जोडलं की झालं. हे चांगलंच. पण गुलमंडीच्या दुकानाने दुबईच्या दुकानाला उधारीवर माल पाठवला की ती निर्यात झाली, आणि निर्यातीचा पैसा ठरल्या मुदतीत इकडे यायला हवा. पैठण्या तिकडे कपाटात पडून राहिल्या तर एकाच घराचं एक दुकान दुसऱ्याचं देणेकरी होतं. आपलाच मुलगा, आपलीच थकबाकी, आणि बँकेचं पत्र.

मग काचेखालची ओळ दाखवली. सुनेने पेन उचललं. तिकडची एलएलसी गुंडाळायची तर लिक्विडेटर नेमायचा, घेणेकऱ्यांसाठी 45 दिवसांची नोटीस. नोकरांची ग्रॅच्युइटी, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार. व्हिसे रद्द. व्हॅटची नोंदणी रद्द. 2023 च्या जूनपासून तिकडे कंपनीकरही आहे. 3,75,000 दिरहमपर्यंतच्या नफ्याला शून्य, वर 9 टक्के. कर शून्य असला तरी नोंदणी सुटत नाही, उशिरा केली तर 10,000 दिरहम दंड. दुबईला टॅक्स नाही, हे वाक्य गुलमंडीवर अजून चालू आहे. आणि उरलेलं भाडं. ती लिहीत होती. आकडा मांडला नाही, रकाना मोकळा ठेवला.

"बरं, पीआर कार्ड आणलंय?" मी विचारलं.

मुलगा म्हणाला, "मॅडम, दुबईत पीआर नसतं. गोल्डन व्हिसा असतो."

"अरे, सिटी सर्व्हेचं म्हणू लागल्या त्या," वडील म्हणाले. "घराचं. ते हे की ट्रंकेत. माझ्याच नावावर हे घर."

"बघितलंय कधी?"

"बघायचं काय त्यात?"

कर्ज घेवोत न घेवोत, एकदा बघा म्हटलं. जाताना सून पत्रक घेऊन गेली. मुलगा घेऊन जाईल असं मला वाटलं होतं.

दुपारी 1.30

डबा. ज्वारीची भाकरी, मेथी, ठेचा. सहकाऱ्याने हुरड्याचं विचारलं, रविवारी खुलताबादकडे कुणाच्या तरी शेतात. बघू.

दुपारी 2.45

चाचा आले. ऐंशीच्या घरातले, रोशन गेटकडचे. काठी, वूलनची टोपी, सोबत नातू. नातवाला शारजात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायचं आहे, आणि चाचांना ते माझ्या तोंडून ऐकायचं आहे, हो किंवा नाही.

चाचांची कुवेतमध्ये शिलाईची दोन दुकानं होती. 2 ऑगस्ट 1990 ला इराकी फौजा आत आल्या. दिनार खिशात होता आणि बाहेर त्याला कुणी हात लावेना. बगदाद, मग वाळवंटातून बसने अम्मान, तिथून एअर इंडियाचं विमान मुंबईला. त्या दोन महिन्यांत सुमारे 1,70,000 भारतीय असे परत आले. चाचा इथे, तेव्हाच्या औरंगाबादला, उतरले तेव्हा हातात एक कात्री होती. हे ते प्रत्येक वेळी सांगतात, आणि कात्रीचा आकार प्रत्येक वेळी थोडा मोठा होतो.

पुढे संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगाकडून निघून यावं लागल्याची ठरावीक रक्कम मिळाली. दुकानांचं काही नाही. परवाना कुवेती माणसाच्या नावावर होता, तसाच तिथला कायदा होता.

"दुकान मेरी थी बेटा," ते म्हणाले. "कागज पे मैं कोई नहीं था."

नातू चुळबुळत होता. अमिरातीत आता तसं राहिलं नाही, हे त्याला माहीत आहे: 1 जून 2021 पासून बहुतेक धंद्यांत परदेशी माणसाला शंभर टक्के मालकी घेता येते. त्याचं खरं आहे. म्हणून मी त्याला विचारलं, परवाना कुणाच्या नावावर? ओळखीच्या एका मित्राच्या, म्हणाला. त्याच्याकडे आधीच आहे, खर्च वाचतो, आपण आतल्या आत लिहून घेऊ.

म्हणजे कायदा सुधारला आणि पोरगं आजोबांच्याच जागी जाऊन उभं राहायला निघालं. चाचांनी काठी फरशीवर टेकवली, काही बोलले नाहीत. मी म्हटलं, स्वतःच्या नावावर घे, छोटा घे, नाहीतर आधी दोन वर्षं तिथे कुणाकडे नोकरी कर. चाचांना यात हो आणि नाही दोन्ही ऐकू आलं असावं. फी विचारली. चहा घ्या म्हटलं.

दुपारी 4.30

वाळूजचे एक उद्योजक, प्रेस पार्ट्स करतात. मेहुणा टेक्सासमध्ये, तिथे पेट्रोल पंपाला जोडलेलं दुकान घ्यायचं, त्यावर व्हिसा मिळतो असं एका सल्लागाराने सांगितलं आणि तीन लाख घेतले. तो व्हिसा म्हणजे ई-टू. अमेरिकेशी तसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच तो मिळतो, आणि त्या यादीत भारत नाही. हे कळायला तीन लाख लागत नाहीत. सल्लागार आता म्हणतोय, आधी ग्रेनेडाचं नागरिकत्व विकत घ्या. तसं घेतलेल्याला आता तीन वर्षं त्या देशात राहावं लागतं, आणि दुसरं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. वाळूजची शेड कोण चालवणार?

"पण पुढे पीआर मिळेल म्हणाला."

ई-टूतून आपोआप ग्रीन कार्ड मिळत नाही, म्हटलं. गेलेले तीन लाख गेले, चौथा देऊ नका. पाच मिनिटांचं काम होतं. ते पाऊण तास बसले, कारण घरी जाऊन सांगायचं कसं हा त्यांचा खरा प्रश्न होता. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी 6.45

दुबईला फोन, तिकडे सव्वापाच. माझे जुने पक्षकार. तयार कपड्यांचं दुकान होतं, आता दुसऱ्याच्या गोदामात हिशेब बघतात. मांडलेला रकाना मोकळा ठेवायचा नाही म्हणून खरा आकडा त्यांनाच विचारला.

"उघडायला लागले त्याचा तिसरा हिस्सा, ताई. आणि दीड वर्ष."

सगळ्यात जास्त कशात गेले? चेकमध्ये. तिकडे वर्षाच्या भाड्याचे चेक आगाऊ द्यावे लागतात, दोन, चार, जसे ठरतील तसे. 2022 पासून पैसे नसल्याने चेक परत गेला तर सहसा फौजदारी होत नाही, ऐकून लोक निर्धास्त होतात. पण तो चेकच आता थेट वसुलीच्या कोर्टात चालतो, आणि देणं फिटेपर्यंत देश सोडायला बंदी येऊ शकते. यांना आली होती. आईच्या तेराव्याला येता आलं नाही. हे त्यांनी आकडे सांगावेत तसंच सांगितलं.

रुपया पडला की आखातातल्यांची चांदी, असं इकडे समजतात. 2011 च्या मध्याला डॉलर 45 रुपयांच्या आसपास होता, 2013 च्या ऑगस्टमध्ये 68. दिरहम डॉलरला बांधलेला, एका डॉलरला 3.6725, म्हणून तोही तेवढाच चढला. तिकडून घरी पैसे पाठवणारा नोकरदार खूश झाला. यांचं दुकान तेव्हा इकडच्या पैशावर तगत होतं. यांना तेच भाडं दीडपट पडलं.

रात्री 8.20

वरची टाकी पाऊण आहे. वरण-भात. बहिणीचा फोन आला होता, उचलला नाही. तिला भाच्याने काय सांगितलं असेल ते उद्या सकाळी, डोकं शांत असताना.

रात्री 10.05

गुलमंडीच्या काकांचं व्हॉट्सॲप. आधी सुनेने पाठवलेलं पत्रक, नवा रकाना भरलेला: बंद करायचा खर्च, 21 लाख. माझ्या दुबईच्या फोनमधून निघालेल्या अंदाजापासून फार लांब नाही, आणि तिने तो एकटीने काढला.

मग एक फोटो. ट्रंकेतलं पीआर कार्ड, घडीवर पिवळं पडलेलं, ट्यूबलाइटचा उजेड त्यावर पडलेला. मोठं करून वाचलं. काकांच्या वडिलांचं नाव कंसात गेलेलं, खाली वारस म्हणून पाच नावं. काका स्वतः, एक भाऊ, तीन बहिणी.

खाली काकांचा एक ओळीचा निरोप: "धाकटी जालन्याला असते. दहा वर्षं बोलणं नाही."